पहिला वाचक

वाचनालयात पुस्तक बदलायच्या रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त पोस्टमन होते. काउंटरवर ग्रंथपाल बाई.

“नवी रहस्यकथा आधी त्या नर्सबाईंना दिलीत म्हणे?”

“त्यांनी मागितली, काका.”

“अठरा वर्षं नवं पुस्तक पहिलं मी वाचतो. कसं आहे ते तुम्हाला मी सांगतो.”

“वाचून परतही केलंय त्यांनी. हे घ्या.”

“शेवट सांगितला असेल?”

“हो. तासभर बसल्या होत्या.”

“माझ्या खुर्चीत?”

“काका, खुर्ची वाचनालयाची आहे.”

“मग हे नको. त्यांनी न वाचलेलं द्या.”

“नव्यांत एकच उरलंय. मधमाश्या पाळण्याचं, चारशे पानांचं.”

“द्या. सोमवारी येऊन सांगतो, कसं आहे ते.”