दोरापलीकडची ओटी

पोलीस ठाणे बोईसर
दिनांक ११ फेब्रुवारी २०२५

मी, श्रीमती आनंदी नरहरी सावे, वय ५६ वर्षे, धंदा घरकाम व वाडीकाम, शिक्षण चौथी, राहणार माकुणसार, तालुका व जिल्हा पालघर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझे मोठे दीर शांताराम व त्यांचा मुलगा नीलेश यांच्यासह एकत्र राहते. मोठी जाऊ मंगला वहिनी याही आमच्यात होत्या. माझे पती वारले आहेत. मला मूलबाळ नाही. आमची नारळाची व पानवेलीची वाडी आहे.

नीलेशने दिलेल्या तक्रारीत असे लिहिले आहे की, सहलीची प्रमुख स्नेहल पिंपळे, राहणार बोईसर, हिने त्याच्या आईला विहिरीच्या दोर नसलेल्या काठावर नेले, सावध केले नाही व ती मोबाईलवर बोलत राहिली. तक्रार मला वाचायला दिली. घटनेच्या वेळी वहिनींच्या सर्वात जवळ मी होते.

सहलीला जाण्याचे कारण असे की, माझे पती वाचनालयातून पुस्तके आणत, ती मीही वाचत असे. चौथीच्या पुढचे वाचन मी तसेच शिकले. त्यात माया लोकांच्या जंगलातल्या दगडी शहरांचे एक पुस्तक होते. मी त्याबद्दल घरात पुष्कळ वेळा बोलले. नीलेश तारापूरला कारखान्यात नोकरीस आहे. त्याने यंदा आईचे व माझे मेक्सिकोचे बुकिंग केले. दीर वाडी सोडून येणार नव्हते. वहिनींना इतक्या लांब यायचे नव्हते. मी एकटी जाणार नाही हे माहीत असल्याने त्या निघाल्या.

दिनांक १६ जानेवारी रोजी आम्हाला बसने माया लोकांच्या एका जुन्या शहरात एका दिवसासाठी नेले. तिथला स्थानिक वाटाड्या इंग्रजीत सांगे व स्नेहल आम्हाला मराठीत सांगे. फाटकाबाहेर एक माणूस शहाळी विकत होता. वहिनींना अख्खा नारळ हवा होता. तो प्रत्येक वेळी फोडायला कोयता उचले. वहिनींनी त्याचे मनगट धरले आणि म्हणाल्या, "अरे बाबा, नको फोडू. देवाला नेते." तो त्याच्या भाषेत बोलत होता, वहिनी आमच्या. शेवटी दोघेही हसले व त्याने अख्खा नारळ दिला. आपल्या वाडीतला याच्या दुप्पट असतो, असे त्या मला म्हणाल्या. खण, तांदूळ आणि हळदकुंकू त्यांनी घरूनच आणले होते. ते कशासाठी, हे मी विचारले नाही. आमच्या घरी नवीन विहीर किंवा बावखल, म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे, पाहिले की सवाष्ण त्याची ओटी भरते.

मोठ्या देवळाच्या मागे झाडीतून वाट जाते. तिच्या शेवटी फार मोठी गोल विहीर आहे. ती बांधलेली नाही. चहूकडून उभा दगड आहे व पाणी खूप खाली, हिरवे आहे. काठाच्या अलीकडे लोखंडी खांब व त्यांना दोर होता. दोर कमरेएवढा होता. स्नेहलने सर्वांना थांबवून सांगितले की दोर ओलांडू नका, कडेचा दगड सुटतो. हे तिने दोनदा सांगितले. पूर्वीचे लोक पावसासाठी या विहिरीत सोने टाकत व माणसेही देत, असेही सांगितले. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "सोना नाय आपल्याकडं. नारळ हाय."

त्यानंतर सगळे सावलीत बसले. आमच्याच सहलीतल्या उमरोळीच्या राहीबाईंचा गुडघा आखडला होता. स्नेहल खाली बसून त्यांना पट्टा बांधत होती. तिच्या हातात मोबाईल नव्हता.

वहिनींनी चपला काढून माझ्याकडे दिल्या. मी म्हटले, "वहिनी, मधी दोर हाय. इथनंच टाका."

त्या म्हणाल्या, "ओटी काय फेकतात? वाकून सोडायची असते."

ते खरे आहे. ओटी फेकत नाहीत.

त्यांनी दोर उचलला व खालून पलीकडे गेल्या. मग मागे वळून माझ्याकडे हात केला. "ये गो. इथं कोण वळखते तुला?" असे म्हणाल्या. मी ओटी भरत नाही. पती गेल्यापासून भरलेली नाही. मी होते तिथेच उभी राहिले. त्या थोड्या थांबल्या. मग पदर खोचून कडेला बसल्या आणि दोन्ही हात पुढे करून वाकल्या.

कडेचा दगड सुटला. वहिनी ओरडल्या नाहीत. पाण्याचा आवाज उशिरा आला.

नारळ वर आला. नंतर खण वर आला. वहिनींना पोहता येत होते. लहानपणापासून त्या बावखलात पोहत. म्हणून मी वाट पाहत होते. मी हाक मारली नाही. राहीबाईंनी मारली. स्नेहल धावत येऊन दोराखालून गेली. वाटाड्याने तिला कमरेला धरून मागे ओढले, नाहीतर तीही गेली असती. चपला मी हॉटेलवर पोचेपर्यंत हातात धरून होते, असे मला राहीबाईंनी सांगितले. मला आठवत नाही.

संध्याकाळी पाणबुड्यांनी वहिनींना वर काढले. ओळख मी पटवली. बांगड्या शाबूत होत्या.

आज सकाळी चहाच्या वेळी दिरांनी विचारले, दोर होता का. मी होता म्हटले. ते कप तसाच ठेवून वाडीत गेले. नीलेश मला गाडीने इथे घेऊन आला. वाटेत बेटेगावजवळ त्याने गाडी थांबवली व म्हणाला, "काकी, दोर नव्हता एवढंच सांग. बाकी काय नको बोलू. नायतर आई स्वतःच्या चुकीनं मेली असं होईल." मी त्याला लहानाचे मोठे केले आहे. तो रडत होता.

दोर होता. स्नेहलने सांगितले होते. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. वहिनी वेडेपणाने गेल्या नाहीत. पाण्याला रिकाम्या हाताने पाठ दाखवू नये म्हणून गेल्या. त्यांनी मला बोलावले होते व मी गेले नाही, हे कोणी विचारले नव्हते, तरी लिहून घ्यावे असे मी सांगितले.

साहेबांनी जबाब वाचून दाखवतो म्हटले. मी म्हटले, मला वाचता येते. नीलेश बाहेर बाकावर बसला आहे, म्हणून दार उघडे ठेवायची विनंती केली व सर्व जबाब मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मीच वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करून मी नीलेशच्याच गाडीने माकुणसारला घरी जाणार आहे.

(सही)
आनंदी नरहरी सावे