खिडकीची वरची कडी

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिक्षिकाबाईंना शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण डोळ्यांसारखे कान काही मिटता येत नाहीत.

"तुझ्या शोधाला पेटंट मिळालं म्हणे. मला कळेल असं सांग बघू."

"बाबा, वेळ वाचावा म्हणून कॉम्प्युटरचा प्रोसेसर पुढचं काम अंदाजानं आधीच करून ठेवतो."

"अगदी तुझ्या आईसारखा."

"अंदाज चुकला की ते काम तो टाकून देतो, पण खुणा मागे राहतात. चोर त्यांवरून गुपित ओळखतात. मी त्या खुणा पुसायची युक्ती काढली."

"मग घरी का नाही वापरत?"

"म्हणजे?"

"परवा तुझ्या खोलीवर आलो, तर खिडकीची वरची कडी लावलेली. तुझा हात तिथवर पोचत नाही."

"स्टुलावर चढले असेन."

"स्टूल माझ्याकडे दुरुस्तीला पडलंय."

लेकीनं मान खाली घातली.

"उंच दिसतोय. स्वभावानं कसा आहे?"

"चांगला आहे. तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं."

"हाही अंदाजच. चुकला."

"बाबा! पण आईला इतक्यात सांगू नका हं."

"अगं वेडे, खिडकी नीट बघून या, असं तिनंच तर मला बजावलं होतं!"