सर्व्हरचा एसी

अरे, आमच्या पवईच्या ऑफिसात साहेबांनी नवा हाय-डेन्सिटी सर्व्हर रॅक आणला. म्हणाले, "सगळं मार्केट इकडेच चाललंय!" एका कपाटात दहा कपाटांचं काम. पण त्याला वीज एवढी लागायला लागली, की आमचे एसी बंद केले.

मी म्हटलं, "सर, घामाने जीव चाललाय."

"तू गरम होऊन बंद पडतोस का? सर्व्हर पडतो!"

एसी फक्त सर्व्हर रूमचा चालू होता, मग आम्ही सगळे लॅपटॉप घेऊन तिथेच जाऊन बसलो. नेमका तेव्हाच क्लायंट आला. साहेब जराही न गडबडता म्हणाले, "आमची टीम सर्व्हरला एकटं सोडतच नाही."

क्लायंटने खूश होऊन काम दिलं यार! आता दुसरा रॅक येतोय, आमच्या बसायच्या जागेत.

साहेब म्हणतात, "तुम्हाला घरं आहेत रे. सर्व्हर कुठे जाणार?"