काजूच्या टरफलांना गिऱ्हाईक

मालवण स्टँडवर आबा सावंतवाडीच्या गाडीसाठी बसले होते. शेजारी आचऱ्याची काजू कारखानेवाली विमला आणि देवबागचे होडीवाले नुरुद्दीन अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलत होते.

"भाय, माझो कारखानो वाचलो! सिमेंट कंपनीक माझी टरफलां व्हयी!"

"टरफलां? ती तू फुकट वाटतंस गो!"

"आता नाय! धूर कमी केलो की सरकार कंपनीक क्रेडिट देता. जास्त धूरवाले ती क्रेडिटां पैसे देवन इकत घेतत. म्हणान कोळशाच्या जागी माझी टरफलां!"

"न काढलेलो धूर इकतत? अल्ला!"

"माझ्या कारखान्यातल्या बारा बायकांचा काम टिकला!"

कीर्तनात आख्यान रंगल्यावर सरकावं, तसे आबा पुढे सरकले.

"बरा झाला," नुरुद्दीन म्हणाले. "पण दरवर्षीची माझी दोन गोणी? टरफलांचा तेल नाय लावला तर होडी पाण्यान कुसतली."

"कंपनीक सगळी व्हयी, भाय."

"मगे मी काय लावू? खोबरेल?"

विमलाने तिथेच फोन लावला.

"नमस्कार साहेब. सगळी टरफलं नाही जमणार, दोन गोणी कमी... नाही हो, दुसरी कंपनी नाही, आमची होडी आहे... मग राहू द्या करार."

आबांची गाडी सुटली. आबा उठले नाहीत.

"सायब काय म्हणालो गो?" नुरुद्दीननी विचारलं.

"वर इचारून सांगतो म्हणालो."

फोन वाजला.

"हां साहेब... हां... आभारी आहे! भाय, दोन गोणी तुमची! परवा ट्रक येता, उद्याच घेवन जावा."

"उद्या कित्याक? चल आताच! तेल लावूक होडी कालच उलटी करून ठेवलंय!"