धुराड्यावरचा भरवसा

गोठत्या पावसाने तारा तुटल्या, त्याच्या आदल्या दिवशी आई फोनवर इर्माशी आंबवलेल्या कोबीबद्दलच बोलली होती. आई गेल्यावर पोस्तोइना शहरातल्या फोन कंपनीत तिचा फोन बंद करायच्या रांगेत इर्मा उभी होती. पुढे आईची शेजारीण स्लावका मैत्रिणीशी बोलत होती. तिने मागे पाहिलं नव्हतं.

“फोन मेले, म्हणून रोज सकाळी मी आणि इर्माची आई एकमेकींची धुराडी बघायचो. धूर दिसला की समजायचं, ठीक आहे.”

“माझा नवरा म्हणे, फोनपेक्षा बरं, धूर बडबडत नाही!”

“त्या दिवशीही तिच्याकडे धूर होता गं. घर तापवायची तिची मोठी भट्टी रात्री लाकडांनी भरली की दुपारपर्यंत धुमसते. आणि ती बिचारी पहाटेच घरात पडलेली. मी गेलेच नाही.”

“लेक काय म्हणाली?”

“काहीच नाही. दफनाच्या वेळीसुद्धा माझ्याशी बोलली नाही.”

इर्माने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“स्लावकामावशी, धूर बघून मीही गेले नसते.”