दानेल हरकाऱ्याचा उपास

माझं जुनं नाव धोंडिबा, बाप्तिस्म्याचं नाव दानिएल, पन बीडापासून गेवराईपतोर समदे मला दानेल हरकाराच म्हनत्यात, तुमीबी तेच लिहून घ्या. आमचा जलम नेकनूरच्या महारवाड्यातला. बाप गावकीचे सांगावे न्यायचा, ह्या गावचा निरोप त्या गावाला, ऊन असो का थंडी, आन् त्याच्या मागं मागं मी पळायचो, म्हनून पाय चालते झाले, त्यात माझी काही करामत न्हाई. पुढं निजामाच्या टपालाला हरकारे पाह्यजे होते तव्हा बीडाच्या मुन्शीसायबानं मला पळताना पाह्यलं आन् कंबरंला पट्टा दिला, पितळी बिल्ल्याचा. खांद्यावर टपालाची थैली, हातात घुंगराची काठी, बीडातून निघायचं, सिंदफणा ओलांडायची आन् पल्याडच्या चौकीवर थैली दुसऱ्या हरकाऱ्याला द्यायची, चार कोस, आन् गेवराईकडची थैली घेऊन पुन्ना चार कोस माघारी. काय सांगू तुम्हाला, ज्या पाटलाला आमची सावली चालत नव्हती तो पाटील घुंगरं वाजली की आपली बैलगाडी बाजूला घ्यायचा. सरकारी थैली व्हती ती, घेईल न्हाई तर काय करील!

तर त्या दिवसांत आमच्या वस्तीवर एक मास्तर यायचे, येशूचं पुस्तक वाचून दाखवायचे. मानूस गरीब, अंगात एकच कोट, पन आमच्या घरी बसून पानी प्यायचे, आन् त्या पान्यानंच मी आदी अर्धा बाटलो म्हना. मी आन् माझी बायको सगुणा, दोघांनी बाप्तिस्मा घेतला. मास्तर म्हनायचे, दानेल, शरीर हे देवाचं राहायचं घर हाय, ते घान ठेवायचं न्हाई. मी त्याच दिवशी शिंदी सोडली, तंबाखू सोडली, आन् महिन्याभरात छाती अशी मोकळी झाली की चढ चढताना मी गानी म्हनायचो. माझा थोरला भाऊ राणबा मातर लई तापला. म्हनला, देव बदललास, आता बघ तुझं काय व्हतंय ते.

आन् झालंबी तसंच, पन त्यात देवाचा दोष न्हाई, माझ्या अकलंचा हाय. मास्तरांनी एकदा वाचलं की प्रभू रानात चाळीस दिवस उपाशी व्हता. झालं, माझ्या डोक्यात भरलं. आमच्या आईनं जलमभर सोमवार धरले, शनिवार धरले, मग आपून ख्रिस्ती झालो तर आपला उपास त्याहून मोठा पाह्यजे का न्हाई? कुनाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. सगुणा पहाटं भाकरी बांधून द्यायची, ती मी वाटंवरच्या धनगराला द्यायचो, चौकीवर म्हनायचो घरून जेवून आलो, घरी म्हनायचो चौकीवर जेवलो, आन् दिवसाकाठी मूठभर फुटाने खाऊन आठ कोस पळायचो. वर प्रार्थना चालूच, रोज, मोठ्यानं. मला वाटायचं देव लई खूश हाय माझ्यावर.

एकोनतिसाव्या दिवशी सिंदफणेच्या वाळूत पडलो. ऐन उन्हाचा, थैलीसगट. त्या धनगरानं उचललं, तट्टावर आडवा टाकला आन् त्यानं आन् त्याच्या बायकोनं मला घरी आनलं. ती बाई भोळी. सगुणाचा हात धरून म्हनती कशी, बाई, तुझ्या हातच्या भाकरी लई चवीच्या गं, महिना झाला आमी रोज खातो, तेवढं मीठ जरा कमी घालत जा.

सगुणानं माझ्याकडं पाह्यलं. मास्तरबी आले व्हते, उशाला बसून म्हनत व्हते, मी चुकलो, मी नीट समजून सांगाया पाह्यजे व्हतं. सगुणाला अक्षर येत न्हाई, पन ती मास्तरांच्या देखत म्हनली, रोज सकाळी डोळे मिटून देवाजवळ भाकर मागतोस, देव मला पीठ देतो, मी थापून तुझ्या हातात देते, आन् तू ती वाटंवर वाटून पुन्ना त्याच्याजवळ मागाया जातोस? लाज न्हाई वाटत? मास्तर म्हनले, बाई, आज उपदेश तुमीच केलात. मी भिताडाकडं तोंड करून रडलो, खरं सांगतो.

पन रडून काय व्हतंय, थैली तर उशिरा पोचली व्हती. मुन्शीसायबानं बोलावलं. ते स्वता रोजे धरनारे, पाच वेळा नमाज पढनारे. म्हनले, रोजे तो हम भी रखते, मगर तडके सहरी खाके रखते, तेरे कू भूका मरने कू कौन बोला रे? त्यांनी माझ्या जागी भिवा नावाचा तालमीतला गडी ठेवला आन् सांगितलं, महिन्यानं तुमी दोघं चौकीवरून सारख्या वजनाच्या थैल्या घेऊन निघा, जो आदी येईल त्याचा पट्टा. आन् इकडं राणबा गावभर सांगत सुटला की बाटला म्हनून वाळला, त्याचा नवा देव मानसं खातो. वस्तीतली चार घरं बाप्तिस्मा घ्यायची व्हती, ती बसली दारं लावून. पट्ट्याचं दुख व्हतंच, पन माझ्यापायी देवाला नावं ठेवत्यात हे काळजाला लागलं.

मग महिनाभर मी काय केलं ते आयका. पहाटं उठून बैठका. प्रार्थनेची एक ओळ म्हनायची आन् एक बैठक मारायची, सबंध प्रार्थना झाली की दम घ्यायचा, पुन्ना पहिल्यापासून. मग सगुणा समोर बसायची. दोन भाकरी, तीळाची चटनी, शेंगदाने, गूळ, धनगर एक लोटा दूध आनून द्यायचा, म्हनायचा, तुझी महिन्याची भाकरी फेडतो बाबा. दुपारी नदीच्या वाळूत पळायचो, वाळूत पाय रुततो, त्यानं पोटऱ्या कशा दगडावानी व्हत्यात. आयतवारी पळनं बंद, उपासनेला जायाचं आन् निजायचं. विसावाबी देवानंच लावून दिलाय, तो मी आदी पाळतच नव्हतो.

ठरल्या दिवशी निघालो. भिवा लई तयारीचा, सुटला तो वावटळीवानी, चढाला तर मला दिसंना. मी म्हनलं दानेल, घाई न्हाई. ओळ म्हनली की चार पावलं, ओळ म्हनली की चार पावलं, दम तुटू द्यायचा न्हाई. तिसऱ्या कोसाला त्याची पाठ दिसली, मग त्याचा श्वास आयकू आला, मग मी त्याच्या बाजूनं गेलो तव्हा तो म्हनला, बे दानेल, तोंडातल्या तोंडात काय बडबडतो बे? मी म्हनलं, देवाजवळ भाकर मागतोय. बीडात मुन्शीसायबाच्या पायरीवर थैली ठेवली तव्हा भिवा दोन शेतं मागं व्हता. सायबानं आपल्या हातानं माझ्या कंबरंला पट्टा बांधला, समद्या बाजारादेखत. आजबी सांगताना अंगावर काटा येतो, हे बघा.

राणबा गर्दीतच व्हता. पुढं आला, खाली बसला, बाजारात बैल पारखावा तशी माझी पोटरी दाबून पाह्यली आन् म्हनला, खाऊ घालतो म्हन की तुझा देव. तो काही ख्रिस्ती झाला न्हाई, मरेपतोर झाला न्हाई. पन त्यानंतर वाईट शब्द काढला न्हाई, आन् ती चार घरं पुढच्या सनाला पान्यात उतरली.

आता टपाल मोटारीनं जातं. माझे केस पांढरे झाले, तरी पहाटंच्या बैठका हायतच, पहिल्याइतक्या न्हाईत, पन हायत. आमच्या मंडळीत कुनी उपास धरला की पाळक त्याला आदी माझ्याकडं पाठवत्यात. सगुणाला आता कमी दिसतं, तरी मी भायेर निघालो की म्हनती, अर्धी भाकरी माझ्यासमोर खा. एवढी वरसं झाली, तिचा इश्वास बसंना. मी खातो, तिनं आयकावं म्हनून मोठ्यानं चावून खातो.

तुमी लिहिता लई, पन गाल बसल्यात तुमचे. का म्हनून असं करता? बसा, सगुणा तवा ठेवती. देवानं घर दिलंय राहायला, त्याला जपा. खा, आन् सुखानं जा.