साडेचार पट्टे

नाही हो काका, बोलायची भीती नाही वाटत मला, बोलायला मिळणार तीनच मिनिटं, तेवढ्यात माझं घसा खाकरणंसुद्धा पुरतं होत नाही — काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तो दुसऱ्याच काळजीनं, आणि ती अशी कुणालाही सांगण्यासारखी नाही. बसा ना, बसा, ही पिशवी उचलते मी. तुमचा कितवा विषय? असं का, तुम्ही नुसतेच आलायत. बरंय. माझा चौदावा. आत अजून बाराव्यावरच अडलंय गाडं, आणि बारावा विषय काय, तर सभागृहातल्या दोन घड्याळांपैकी कुठलं बरोबर मानायचं. दोन का? — अहो, एक शहराच्या पालिकेनं लावलेलं आणि एक जिल्हा मंडळानं. दोन्हींत चार मिनिटांचा फरक आहे, आणि महापौर काही मंडळाच्या घड्याळावर उठत नाहीत, अध्यक्ष काही पालिकेच्या घड्याळावर बसत नाहीत. तीन महिन्यांतून एकदा हे दोघं एका खोलीत येतात, तेही दोन वेगळ्या दारांनी. खुर्च्यांची उंची टेपनं मोजून घेतलीय म्हणे. मी राज्यशास्त्र शिकलेय, काका, दोन वर्षं. संयुक्त शासनव्यवस्थेवर निबंध लिहून वर्गात पहिली आले होते. त्या निबंधात खुर्च्या नव्हत्या.

खारू, भिंतीला हात लावू नकोस, रंग निघतो. ही माझी मुलगी. खारू घरातलं नाव, सारखी खारीसारखी तुरुतुरु पळते म्हणून — निदान पळायची, आता पळत नाही, आता बघा कशी चालते. बघितलंत? फक्त पांढऱ्या फरशीवर पाय. काळी आली की उडी. तेच, तेच तर सांगायचंय मला आत. म्हणजे सांगायचं हेच आहे, पण हेच सगळं नाही. थांबा, नीट सांगते, माझ्या नवऱ्याचं म्हणणं असतं की मी गोष्ट शेपटीकडून धरते.

तर आमच्या घरासमोर रस्ता आहे. मोठा, चार गाड्या एका वेळी जातील असा. रस्त्याच्या पलीकडे हिची शाळा. आता घर आहे जिल्ह्यात आणि शाळा आहे शहरात, आणि हद्द कुठून जाते? — बरोब्बर रस्त्याच्या मधोमध. डांबर एकच, पण अर्धं यांचं आणि अर्धं त्यांचं. यांचा झाडूवाला मधल्या रेघेपर्यंत झाडतो आणि कचरा त्यांच्याकडे सारतो, त्यांचा झाडूवाला दुपारी तोच कचरा परत इकडे सारतो, त्या कचऱ्याएवढा प्रवास तर मीही केलेला नाही. असं असताना मी मागितलं काय, तर रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे. दिवा नको, पूल नको, नुसते पट्टे. पाच महिने चकरा मारल्या. पालिकेच्या नगरसेवकानं आधी मला बसवलं, चहा मागवला, मग पत्ता विचारला. मी पत्ता सांगितला आणि त्याच्या लक्षात आलं की मी जिल्ह्यातली, म्हणजे माझं मत त्याला पडायचं नाही — तो चहा काका, दारापर्यंत आला होता, तो तसाच परत गेला. मी डोळ्यांनी बघितला कप वळताना. आणि मंडळात गेले तर ते म्हणाले, बाई, तुमची शाळा शहरात, मुलगी तिकडे जाते ती तुमच्या हौसेनं, आमच्या हद्दीत शाळा नाही का? आहे. सात किलोमीटरवर आहे.

मग झाले की हो पट्टे. झाले. कसे झाले ते सोडा. झाले — पण साडेचार. पालिकेचा रंगारी आला, शाळेच्या फुटपाथपासून एक, दोन, तीन, चार असे सुरेख जाडजूड पट्टे ओढले, आणि पाचवा पट्टा नेमका हद्दीवर येत होता, तर त्यानं तो अर्धा ओढला. उभा चिरल्यासारखा. मी म्हटलं, दादा, एवढा एक तरी पुरा करा. तर म्हणाला, ताई, पुढचं डांबर परकं आहे. आणि पलीकडे, आमच्या बाजूला, पट्ट्यांच्या ऐवजी मंडळानं काय लावलं असेल? पाटी. ‘जिल्ह्यात आपले हार्दिक स्वागत.’ म्हणजे आधी जीव मुठीत धरून यायचं आणि मग स्वागत स्वीकारायचं.

हसा, हसा, मलाही हसू आलं होतं पहिल्या दिवशी. नवऱ्यानं तर फोटो काढला. पण त्याच आठवड्यात शाळेत बाईंनी मुलांना शिकवलं की रस्ता ओलांडताना पाय फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवायचा. चांगलंच शिकवलं, बाईंची काय चूक — आणि आमची ही अशी आहे ना, बाईंनी सांगितलं म्हणजे संपलं, मला साधं मोजे घाल म्हणून चार वेळा सांगावं लागतं, पण बाईंचं वाक्य म्हणजे दगडावर कोरलेलं. दुपारी शाळा सुटली, माझा हात धरून निघाली, एक, दोन, तीन, चार, अर्धा — आणि थांबली. रस्त्याच्या मधोमध. पाय जुळवून. मी ओढतेय, ती खांबासारखी ताठ. ‘पांढरं संपलं,’ म्हणाली. शांतपणे. इकडून गाड्या, तिकडून गाड्या, एक टेम्पोवाला मला काय काय बोलला ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. शेवटी उचलली आणि पळाले. आणि ती चूक झाली बघा माझी, उचलली ती — कारण तिनं त्याचा नियम करून टाकला. पांढरं संपलं की मोठ्या माणसानं उचलून घ्यायचं. आता रोजचं झालंय. सकाळी घरून निघताना उचलायची, अर्ध्या पट्ट्यावर ठेवायची, दुपारी अर्ध्या पट्ट्यावरून उचलायची. अठरा किलो, काका, आणि वर दप्तर. समजावलं, रागावले, चॉकलेट कबूल केलं. एकदा तर मी स्वतः घरातून शाळेचा खडू नेऊन पहाटे पट्टे ओढले पुढचे. नऊ वाजेपर्यंत टायरांनी पुसून गेले, आणि खारू म्हणाली, ‘आई, तुझं पांढरं खोटं होतं.’

आता म्हणाल, मग उचला की, आई आहात. उचलीन हो, लग्नापर्यंत उचलीन — पण सोमवारपासून माझी नोकरी सुरू होतेय. पाच वर्षांनी. सकाळी सोडीन मी, पण दुपारी ही शेजारच्या मुलीबरोबर येणार, ती चौथीत आहे, गुणी आहे, हात घट्ट धरते, पण अठरा किलो कुठून उचलणार ती? ही तिथे मध्ये थांबणार आणि ती बिचारी ओढत बसणार. मी ऑफिसात कुठल्या तरी कागदावर शिक्का मारत असेन आणि ही रस्त्याच्या मध्ये, पाय जुळवून. आजचा शुक्रवार. आज आत ठरलं तर शनिवार-रविवारात रंग होतो, वाळतो, मी रंगाऱ्याला विचारून ठेवलंय, दोन तासांत वाळतो. आज नाही ठरलं तर पुढची बैठक तीन महिन्यांनी. नोकरी नको म्हणून कळवायचा कागदही लिहून ठेवलाय, हा काय पर्समध्ये. सहीचा राहिलाय.

नाही, झोप गेली ती यानं नाही. म्हणजे यानंही जाते, पण कालची वेगळी होती. सांगू का? तुम्ही परके आहात म्हणून सांगते, आणि तुमचा चेहरा असा आहे की तुम्ही कुणाला काही सांगत नसाल. मघाशी मी म्हटलं ना, पट्टे कसे झाले ते सोडा. माझ्या सासूबाई आणि माझी आई, या दोघी एकमेकींवर — भांडत नाहीत, कधीच नाही, फक्त मोजतात. कोण आधी आलं, कुणी काय आणलं. खारूच्या पहिल्या वाढदिवसाला दोघींचाही पाय दुखत होता. मग मी काय केलं, सासूबाईंना सांगितलं की आई येतेय आणि सायकल आणतेय, आणि आईला सांगितलं की सासूबाई येतायत आणि सायकल आणतायत. दोघी आल्या. दोन सायकली आल्या, पण आल्या ना. तेव्हापासून आमच्या घरात असंच चालतं, मला त्यात काही वाटेनासंच झालं. आणि पाच महिने चकरा मारून डोकं फिरलं होतं माझं, एका दुपारी ही झोपली असताना बसले आणि पालिकेला पत्र लिहिलं, की जिल्हा मंडळानं आपल्या अर्ध्या रस्त्यावर पट्टे मारायचं मान्य केलंय, तरी पालिकेनं मागे राहू नये ही विनंती. आणि तेच पत्र, तोच मजकूर, तीच तारीख, फक्त नावं उलटी करून मंडळाला. मान्य कुणीच केलं नव्हतं हो. कुणीच नाही. मला वाटलं, दोन सायकली येतील.

आणि आल्याच असत्या. मंडळानं रंगाचे डबे मागवले होते, मला त्यांच्याच शिपायानं सांगितलं. पण पालिका इतकी घाबरली की आठ दिवसांत रंगवून मोकळी झाली, आणि तो नगरसेवक, तो चहावाला, हातात ब्रश घेऊन पेपरात. खाली मथळा — ‘पालिकेची आघाडी, जिल्हा झोपेत.’ झालं. अध्यक्ष म्हणाले, आता आपण पट्टे मारले तर लोक म्हणतील पालिकेच्या मागून आलो. डबे परत. पाटी आली. म्हणजे बघा, माझ्या मुलीला रस्त्याच्या मध्ये नेऊन उभी कुणी केली? ना महापौरांनी, ना अध्यक्षांनी. मी. राज्यशास्त्रात पहिली आलेल्या बाईनं.

आणि काल इथल्या अर्जांच्या खिडकीवरच्या बाईंनी सहज सांगितलं की संयुक्त बैठकीसाठी दोन्हीकडची कागदपत्रं एकाच फाइलला लावतात. पालिकेच्या फायलीला लाल नाडी असते, मंडळाच्या फायलीला हिरवी, आणि जोडफाइलला दोन्ही. म्हणजे माझी दोन्ही पत्रं एकाखाली एक. आज त्या दोघांनी ती फाइल उघडली की पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत होईल — माझ्याबद्दल. मग कसले पट्टे आणि कसलं काय. म्हणून रात्रभर विचार करत होते की जाऊच नये, नाव काढून घ्यावं. मग वाटलं हिला पुढे करावं. वाक्य पाठ करून घेतलंय तिच्याकडून, ‘मला रस्त्याची भीती वाटते.’ खरं तर तिला भीती वाटतच नाही, सगळ्या गाड्या आपल्यासाठी थांबतात म्हणून ती खूश असते, पण तेवढं एक खोटं — हो, अजून एक. कळतंय मला.

चौदा? चौदा म्हणाले का? आम्ही, आम्ही. खारू, चल. अहो काका, तुम्ही कुठे उठलात, तुम्हाला तर काही विषय — तुमचा पेपर पडला खाली. पेपराखाली ही फाइल होती होय. लाल नाडी आहे. आणि हिरवी.

आधी सांगायचं ना हो.

नाही, तुम्ही कसं सांगणार, मी श्वास घ्यायला तरी थांबले का. तुम्हीच नेता का ती आत? तीच का माझी — तीच. वर नंबर आहे. काका, मी तुम्हाला काही सांगू शकत नाही आता, जे सांगायचं ते सगळं सांगून झालंय. काय करताय? सोडताय का ती नाडी? सोडत नाही आहात. गाठ मारताय. अजून एक. निरगाठ मारलीत की हो, लाल हिरव्यात गुंतवून. ती आता नखांनीसुद्धा सुटायची नाही, आणि एकमेकांच्या देखत ते दोघं दातांनी तर सोडायचे नाहीत.

बरं. बरं काका. तुमचा चेहरा मी बरोबर ओळखला होता.

चल खारू, दार उघडलं. ये पुढे. अगं ये ना, थांबलीस का? — अरे देवा, आत सगळी काळी फरशी आहे. खारू, इथे नको, सगळे बघतायत, महापौर बघतायत, अध्यक्ष बघतायत, मी नाही उचलणार आज, माझ्या हातात कागद आहेत. बरं, राहा तिथेच, उंबऱ्यावरच राहा. त्या दोघांकडे बघ आणि पाठ केलंयस ते सांग. मोठ्यानं. सांग.

“पांढरं संपलं. तुमच्यातलं कोण उचलून घेणार?”